कॅनडाचे सैनिक आणि पश्चिम आघाडीची माती

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : कॅनडात शिकणाऱ्या आपल्या मुलाला शाळेत पहिल्या महायुद्धावर प्रकल्प करायचा आहे, येत्या उन्हाळ्यात आपण सहकुटुंब फ्रान्समधील विमी येथे कॅनडाचे स्मारक पाहायला जाणार आहात, आणि त्याआधी कॅनडाच्या सैनिकांनी खंदकांत नेमके काय अनुभवले, चित्रपटांत दिसते तशी लढाई तेथे रोज होत असे का, आणि या सगळ्याशी आपल्याकडच्या माणसांचा काही संबंध आला होता का, हे समजून घ्यायचे आहे. मी लष्कराच्या अभियंता दलात चोवीस वर्षे नोकरी केली. निवृत्तीनंतरचा बराच काळ पश्चिम आघाडीवरच्या, म्हणजे फ्रान्स-बेल्जियममध्ये जर्मनांसमोर लढणाऱ्या, पलटणींच्या दैनंदिन नोंदवह्या वाचण्यात गेला आणि विमी, बेल्जियममधले ईप्र व फ्रान्समधला सोम नदीचा भाग हा मुलूख मी पायी हिंडून पाहिला आहे. त्यामुळे माझी नजर साहजिकच आधी जमिनीकडे जाते. इतक्या वर्षांच्या वाचनानंतर माझे मत असे झाले आहे की त्या सैनिकाच्या वाट्याला काय आले, हे समोरच्या शत्रूने जितके ठरवले तितकेच त्याच्या पायाखालच्या मातीने ठरवले. म्हणून उत्तरही मी मातीच्याच अंगाने देतो.

आधी दोन-चार आकडे सांगून टाकतो, म्हणजे प्रमाण लक्षात येईल. १९१४ मध्ये कॅनडाची लोकसंख्या ८० लाखांच्याही आत होती. त्यातून युद्ध संपेपर्यंत सुमारे ६,२०,००० लोक सैन्यात दाखल झाले, ४ लाखांहून अधिक समुद्रापार गेले, सुमारे ६१,००० मृत्यू पावले आणि १,७२,००० च्या आसपास जखमी झाले. पहिल्या तुकडीतले जवळजवळ दोन तृतीयांश सैनिक ब्रिटनमध्ये जन्मलेले होते, म्हणजे अलीकडेच कॅनडात येऊन स्थिरावलेले कारकून, शेतमजूर, गिरणी कामगार आणि रेल्वेवरची माणसे. जंगलात वाढलेला धिप्पाड कॅनेडियन हे चित्र पुढे वर्तमानपत्रांनी रंगवले. भरतीची कागदपत्रे पाहिली तर उंची, छातीचे माप आणि व्यवसाय या रकान्यांत अगदी साधी माणसे भेटतात.

मातीशी त्यांची पहिली गाठ रणांगणावर पडलीच नाही. ऑक्टोबर १९१४ मध्ये ही तुकडी इंग्लंडमधील सॅलिसबरीच्या माळावर तंबू ठोकून राहिली. त्या मुक्कामातल्या १२३ दिवसांपैकी ८९ दिवस पाऊस पडला. कपडे वाळत नव्हते आणि बुटांचे तळवे निघून येत होते. याच चिखलात एक गोष्ट दिसून यायला हवी होती, पण ती वेळेवर कोणी मनावर घेतली नाही. कॅनडाने आपल्या सैनिकांना स्वदेशी बनावटीची रॉस रायफल दिली होती. ती नेमबाजीच्या मैदानावर उत्तम चाले, पण तिची जुळणी इतकी घट्ट होती की चिखलाचा कण गेला किंवा भराभर गोळ्या झाडून नळी तापली, की बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर सरकवणारा दांडा, अडकून बसे. ब्रिटिश कारखान्यांतल्या काडतुसांचे माप किंचित कमी-जास्त असले तरी हेच होई. शत्रू अंगावर येत असताना बुटाच्या टाचेने किंवा फावड्याच्या दांड्याने बोल्ट ठोकत बसलेला सैनिक डोळ्यांसमोर आणावा. ईप्रच्या लढाईत कित्येकांनी मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एनफील्ड रायफली उचलून घेतल्या आणि आपल्या टाकून दिल्या. संरक्षण खात्याचे मंत्री सॅम ह्यूज मात्र रॉसचा हट्ट सोडायला तयार नव्हते. १९१६ साल उजाडले तेव्हा कुठे ती आघाडीवरून सर्वत्र हटवली गेली. सैनिकाच्या हातातले हत्यार कोणत्या मातीत वापरले जाणार आहे, हा प्रश्न विचारला गेला नाही आणि त्याची किंमत विचारण्याचा अधिकार नसलेल्यांनी मोजली. या गोष्टीचा मला आजही संताप येतो.

आता खंदकाविषयी. आपल्याकडे काळ्या मातीत भर पावसाळ्यात खड्डा खणून पाहिलेल्याला फ्लँडर्स, म्हणजे ईप्रभोवतालचा प्रदेश, लवकर कळेल. वर वीतभर मऊ माती, खाली पाणी न जिरू देणारी चिकणमाती आणि हात-दोन हातांवर पाणी. खोल खणावे तर खंदकाची विहीर होते. म्हणून बेल्जियममधल्या अनेक ठिकाणी खंदक जमिनीत खणण्याऐवजी जमिनीवर उभारलेले होते : खाली गुडघाभर चर आणि वर मातीने भरलेल्या पोत्यांचा पुरुषभर उंच बांध. हा बांध तोफेच्या एका गोळ्याने उडे, मग रात्री पुन्हा पोती भरायची. सैनिकांच्या पत्रांत बंदुकीपेक्षा फावड्याचा उल्लेख जास्त येतो त्याचे कारण हे आहे. खंदक सरळ रेषेत कधीच नसे. दर काही मीटरवर त्याला काटकोनी वळण दिलेले असे. त्यामुळे एका कप्प्यात गोळा पडला तर त्याच्या ठिकऱ्या शेजारच्या कप्प्यात जात नसत आणि शत्रू एका टोकाने आत शिरला तरी त्याला संपूर्ण लांबीवर गोळ्या झाडता येत नसत. याचा परिणाम माणसावरही होई. सैनिकाचे जग आपल्या कप्प्यातल्या सहा-आठ जणांपुरते आटत असे आणि पंधरा पावलांवर काय चालले आहे हे त्याला दिसत नसे.

रोज लढाई होत असे का, या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. एखादी पलटण साधारण चार ते सहा दिवस पुढच्या खंदकात, तितकेच दिवस आधाराच्या खंदकात आणि मग काही दिवस मागे राखीव, अशी फिरत राही. पुढच्या खंदकातला दिवस पहाटेच्या आधी सुरू होई. हल्ला होण्याचा संभव उजाडताना आणि मावळताना सर्वांत जास्त, म्हणून या दोन्ही वेळी प्रत्येक जण संगीन लावून, बांधावरून पलीकडे पाहण्यासाठी खंदकाच्या भिंतीला केलेल्या पायरीवर उभा राही. उजाडले की दगडी बरणीतून मोजून रमचा घोट मिळे. मग चहा, डबाबंद मांस, दगडासारखे बिस्कीट आणि मुरंबा. पिण्याचे पाणी बहुधा पेट्रोलच्या रिकाम्या डब्यांतून येई आणि चहालाही पेट्रोलची चव असे. दिवसा डोके वर काढायची सोय नव्हती, म्हणून दिवस झोपेचा, डागडुजीचा आणि उवा मारण्याचा. सदऱ्याच्या शिवणीत उवांची अंडी असत आणि मेणबत्तीची ज्योत शिवणीवरून फिरवून ती तडतडवणे हा सगळ्यांचा नित्यक्रम होता. याच उवांतून खंदकज्वर पसरतो, हे १९१८ मध्ये सिद्ध झाले. तोवर हजारो माणसे त्या तापाने फणफणून मागे गेली होती.

पायांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण प्रकल्पात ही बाजू सहसा सुटते. थंड पाण्यात तास न् तास उभे राहिल्याने पाय सुजतात, बधिर होतात, काळेनिळे पडतात आणि वेळीच काळजी घेतली नाही तर बोटे किंवा पाऊल कापावे लागते. यावर औषध नव्हते, फक्त शिस्त होती. रोज बूट काढायचे, पाय कोरडे करायचे, देवमाशाचे तेल चोळायचे आणि कोरडे मोजे घालायचे. हे काम जोडीने होई, म्हणजे एकाने दुसऱ्याचे पाय चोळायचे, आणि अधिकारी स्वतः फिरून पाय तपासत. ज्या पलटणीत हा विकार वाढे तिच्या अधिकाऱ्यांना जाब विचारला जाई. भर चिखलात एक तरुण दुसऱ्या तरुणाचे पाऊल मांडीवर घेऊन तेल चोळतो आहे आणि लेफ्टनंट कंदील धरून बोटे तपासतो आहे, हे दृश्य मला त्या युद्धातल्या कोणत्याही धावत्या हल्ल्याइतकेच खरे वाटते.

खरे काम रात्री चाले. अंधार पडला की रसद येई, पोती भरली जात, आणि काही जण बांध ओलांडून दोन्ही खंदकांमधल्या मोकळ्या जमिनीत काटेरी तार लावायला जात. तारेचे खांब ठोकले तर आवाज होतो, म्हणून कॉर्कस्क्रूसारखे पिळाचे लोखंडी खांब जमिनीत फिरवून बसवत. तेवढ्यात समोरून प्रकाशगोळा उडाला, की जिथे असाल तिथे तसेच थिजून उभे राहायचे. खाली झोपायची ऊर्मी दाबायची, कारण त्या पांढऱ्या उजेडात हललेली गोष्ट आधी दिसते. मी प्रशिक्षणात अंधारात तार लावली आहे, समोर शत्रू नसताना. तरीही आपल्याच फावड्याचा दगडावर झालेला आवाज ऐकून छातीत धस्स होत असे.

पलटणीच्या नोंदवह्यांत अशा दिवसांची नोंद एका ओळीची असते : हवा कशी होती, दिवस शांत गेला, आणि त्याच ओळीत दोन ठार, पाच जखमी. मोठी लढाई नसतानाही तोफा, नेमबाज आणि आजार यांनी माणसे कमी होतच राहत. ही हानी गृहीत धरून नव्या माणसांची मागणी केली जाई. शांत दिवस या शब्दांचा अर्थ लावताना हे मुलाला जरूर सांगा.

आता लढायांकडे वळतो. २२ एप्रिल १९१५ ची संध्याकाळ. ईप्रच्या ईशान्येला कॅनडाच्या डिव्हिजनच्या (अनेक पलटणींच्या मोठ्या सैन्यविभागाच्या) डावीकडे फ्रेंच सैन्याच्या अल्जेरियन व इतर तुकड्या होत्या. जर्मनांनी ५,७०० च्या वर नळकांड्यांतून सुमारे १६० टन क्लोरीन वायू वाऱ्यावर सोडला. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत सरकत येतो आणि खड्ड्यात, चरात, खंदकात साचतो. गोळ्यांपासून वाचण्यासाठी जे खंदकाच्या तळाशी झोपले त्यांना तो सर्वांत जास्त बाधला. जे पायरीवर तोंड वर करून उभे राहिले त्यातले बरेच वाचले. ज्या मातीने आजवर आडोसा दिला, तिच्याच कुशीत त्या दिवशी मरण होते. फ्रेंच आघाडीत मोठे खिंडार पडले. त्याच रात्री कॅनडाच्या १० व्या आणि १६ व्या पलटणींनी किचनर्स वूड या रानावर उघड्या शेतातून प्रतिहल्ला केला. २४ एप्रिलला पहाटे वायूचा दुसरा लोंढा थेट कॅनेडियनांवर आला. मुखवटे नव्हते. रुमाल किंवा कापडी पट्टा पाण्यात किंवा लघवीत भिजवून नाकातोंडाशी धरायचा, एवढाच उपाय होता. क्लोरीन पाण्यात विरघळतो, त्यामुळे ओल्या कापडाचा थोडाबहुत उपयोग होई. काही दिवसांत या एका डिव्हिजनचे ६,००० हून अधिक लोक कामी आले, जखमी झाले किंवा पकडले गेले. त्यातले २,००० हून अधिक मृत्यू पावले.

आपल्या माणसांचा संबंध नेमका इथे येतो. ईप्रवरचा ताण कमी करण्यासाठी हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन दक्षिणेकडून सक्तीच्या कूचाने आणली गेली आणि २६ एप्रिलला तिने याच भागात हल्ला चढवला. चढाच्या उघड्या जमिनीवर तोफमारा आणि वर पुन्हा वायू. त्या दिवशी विल्टजे येथे जमादार मीर दस्त यांनी वायूने गुदमरलेल्या, अधिकारी गमावलेल्या सैनिकांना सावरले, आठ जखमी अधिकाऱ्यांना गोळीबारातून उचलून आणायला मदत केली, आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. लाहोर डिव्हिजनबरोबर फ्रान्समध्ये उतरलेल्या अभियंत्यांच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्या ३ ऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या होत्या. ऑक्टोबर १९१४ मध्ये न्यूव्ह शापेल गावात ४७ व्या शीख पलटणीच्या खांद्याला खांदा लावून, फावडे ठेवून संगीन हाती घेऊन त्या घराघरांतून लढल्या आणि त्यांची जबर हानी झाली. मराठा पलटणींचा मोठा रणसंग्राम मात्र फ्रान्समध्ये न होता मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, झाला. कूतच्या वेढ्यात सापडून एप्रिल १९१६ मध्ये शरण जावे लागलेल्या ६ व्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. तो विषय स्वतंत्र आहे, तो इथे वाढवत नाही.

कॅनडाच्या सैन्यातही काही शीख होते. १९१४ मध्ये व्हँकूवरच्या बंदरातून हिंदी प्रवाशांचे कोमागाटा मारू जहाज परत लावले गेले, त्यानंतर वर्षभरातच बुकम सिंग यांनी ओंटारिओत सैन्यात नाव नोंदवले. २० व्या पलटणीतून लढताना १९१६ मध्ये ते दोनदा जखमी झाले आणि १९१९ मध्ये क्षयाने गेले. त्यांची कबर ओंटारिओमधल्या किचनर शहरात आहे. आपल्या घरापासून ती दूर नसेल, तर फ्रान्सच्या आधी तिथे जाऊन यावे असे मी सुचवेन.

१९१६ सालाने कॅनेडियनांना मातीचे आणखी दोन धडे दिले. ईप्रजवळच्या सेंट एल्वा येथे ब्रिटिशांनी मार्चअखेर जमिनीखाली सहा सुरुंग उडवले. त्यामुळे तिथला सगळा भूभागच बदलून गेला. नव्या कॅनेडियन डिव्हिजनने एप्रिलमध्ये ताबा घेतला तेव्हा ओळखीची एकही खूण उरली नव्हती, जिकडे तिकडे पाण्याने भरलेली विवरे होती. सैनिक ६ आणि ७ क्रमांकाच्या विवरांत होते आणि आपण ४ व ५ मध्ये आहोत अशा समजुतीने कित्येक दिवस संदेश मागे जात राहिले. तेरा-चौदा दिवसांत १,३७० च्या वर माणसे बळी पडली वा जखमी झाली. पुढे जूनमध्ये ईप्रजवळच्या माऊंट सोरेल या टेकडीवर जर्मन तोफांनी असा भडिमार केला की चौथ्या माउंटेड रायफल्स या पलटणीच्या ७०२ जणांपैकी अवघे ७६ धडधाकट उरले. मग सोम : तिथे खडूचा दगड आणि त्यावर माती, पावसात दोन्हींचा पांढरट चिकट रबडा. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९१६ या काळात कुर्सलेट गाव आणि रेजिना नावाचा खंदक यांच्यासाठी कॅनडाच्या २४,०२९ जणांची (मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून) हानी झाली. रेजिना खंदक पूर्णपणे हाती आला तेव्हा गोळ्यांच्या माऱ्याने त्याची जागोजागी नुसती घळ उरली होती.

विमीविषयी आपण भरपूर वाचालच, म्हणून जे सहसा सांगितले जात नाही ते सांगतो. ९ एप्रिल १९१७ ला, ईस्टरच्या सोमवारी, पहाटे साडेपाचला, हिमवर्षावात कॅनडाच्या चारही डिव्हिजन प्रथमच एकत्र पुढे गेल्या आणि १२ तारखेपर्यंत विमीची पूर्ण टेकडी हाती आली. या यशामागे खडूचा मोठा वाटा आहे. खडूचा दगड खणायला मऊ आणि टिकायला भक्कम असतो. ब्रिटिश सुरुंग कंपन्यांनी आघाडीच्या मागून सुमारे दहा मीटर खोल डझनभर भुयारे खणली, त्यांतली काही एक किलोमीटरहून लांब होती. त्यांत विजेचे दिवे होते, पाण्याचे नळ होते, दारूगोळ्याची कोठारे आणि जखमींसाठी खोल्या होत्या. हल्ल्याच्या आदल्या रात्री हजारो सैनिक याच भुयारांत दाटीवाटीने उभे राहून पहाटेची वाट पाहत होते. परिसरातल्या मेझाँ ब्लाँश नावाच्या भूमिगत खाणीत त्यांनी खडूच्या भिंतींवर कोरलेली मेपलची पाने, पलटणींची चिन्हे आणि नावे आजही आहेत. पुढे काय होणार हे माहीत नसलेल्या माणसाने चाकूच्या टोकाने इतके सुबक पान कोरावे, हे पाहून मी बराच वेळ काही बोलू शकलो नव्हतो.

दुसरा भाग तयारीचा. कॅनेडियन कोअरचे, म्हणजे या चारही डिव्हिजन मिळून झालेल्या सैन्याचे, प्रमुख जनरल बिंग आणि त्यांचे सहकारी आर्थर करी यांनी मागच्या शेतांत फिती लावून जर्मन खंदकांचा आराखडा आखला आणि पलटणींकडून त्यावर पुनःपुन्हा चालण्याचा सराव करून घेतला. नकाशे अधिकाऱ्यांपुरते न ठेवता साध्या जवानांच्या हाती दिले, म्हणजे अधिकारी पडला तरी कुठे जायचे हे प्रत्येकाला ठाऊक राहील. तोफांचा मारा दर तीन मिनिटांनी शंभर यार्ड पुढे सरके आणि सैनिकांनी त्याच्या मागोमाग त्याच चालीने चालायचे असे. अभियांत्रिकीचे प्राध्यापक असलेले अँड्र्यू मॅकनॉटन यांनी आवाज आणि चमक यांवरून जर्मन तोफांच्या जागा शोधून काढल्या होत्या. त्यातल्या बहुसंख्य तोफा हल्ल्याआधीच हेरल्या गेल्या. एवढे करूनही चार दिवसांत १०,६०२ जणांची हानी झाली, त्यात ३,५९८ मृत्यू. विमीला विजय म्हणताना हा आकडा त्याच वाक्यात उच्चारला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

ईप्रजवळच्या पाशेनडेल गावाला मात्र खडू नव्हता. तो सखल, पाणथळ प्रदेश शतकानुशतके शेतकऱ्यांनी चर खणून, ओढे वळवून कोरडा ठेवलेला होता. लाखो तोफगोळ्यांनी ते चर आणि ओढ्यांचे काठ उद्ध्वस्त केले, वरून पाऊस आला, आणि पाण्याला जायला वाटच उरली नाही. ऑक्टोबर १९१७ मध्ये कॅनेडियन कोअरला इथे आणले गेले. तोवर कोअरचे प्रमुख झालेल्या करींनी विरोध नोंदवला आणि सुमारे १६,००० माणसे गमवावी लागतील असा अंदाज सांगितला. हुकूम कायम राहिला. तेव्हा त्यांनी एक गोष्ट मागून घेतली, आणि अभियंता म्हणून मला तिचे महत्त्व फार वाटते : वेळ. आधी रस्ते, मग हल्ला. लाकडी फळ्यांचे रस्ते, छोट्या रुळांचे मार्ग आणि तोफांखालचे मजबूत ओटे तोफमाऱ्याखाली बांधले गेले. ओट्याशिवाय तोफ दोन-चार गोळे झाडताच तिरकी होऊन चिखलात रुते आणि नेम जाई. ही कामे करताना अभियंते, पायोनिअर (बांधकाम करणारे सैनिक) आणि मजूर यांची मोठी हानी झाली, पण त्यांची नावे लढाईच्या कथांत क्वचितच येतात.

पुढे जाण्याची वाट म्हणजे लाकडी पट्ट्यांची अरुंद जाळी. तिच्यावरून रात्री ओझे घेऊन चालताना पाय घसरला की माणूस विवरात. पाठीवर पंचवीस-तीस किलोंचे ओझे, विवराचे काठ निसरडे, आणि थांबून हात द्यायला मागच्यांना परवानगी नाही, कारण रांग थांबली की तोफांचे लक्ष्य होते. जखमी सैनिक आणि खेचरे या विवरांत बुडून मेली. कोरड्या जमिनीवर जो जखमी चार माणसे उचलत, त्याला इथे सहा-सहा, आठ-आठ जण लागत आणि काही किलोमीटरला कित्येक तास लागत. स्ट्रेचर वाहणाऱ्यांचे हात सोलून निघत, ते गुडघ्यापर्यंत रुतत आणि खांदेकरी बदलत बदलत पुढे जात. २६ ऑक्टोबरपासून १० नोव्हेंबरपर्यंत लढाई चालली आणि गावाचा ढिगारा हाती आला. कॅनडाची हानी १५,६५४. करींचा अंदाज किती जवळ होता हे वाचून आजही अंगावर काटा येतो.

या सैन्यात कोण होते, याचा एक उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अनिशिनाबे समाजातले फ्रान्सिस पेगामागाबो हे पहिल्या पलटणीचे नेमबाज आणि टेहळे होते. त्यांना मिलिटरी मेडल तीनदा मिळाले. परत आल्यावर मात्र त्यांना आपल्याच देशात सरकारी अधिकाऱ्याच्या परवानगीवर जगावे लागले, आणि मूळनिवासींच्या हक्कांसाठी ते आयुष्यभर झगडले. कृष्णवर्णीय तरुणांना भरती केंद्रांवरून परत पाठवले जाई. अखेर १९१६ मध्ये त्यांची दुसरी बांधकाम पलटण उभी राहिली. तिने फ्रान्समधल्या जुरा पर्वतात झाडे तोडली आणि आघाडीला लागणारे लाकूड कापून दिले. कॅनडाच्या सरकारने या पलटणीची माफी २०२२ मध्ये मागितली. फळ्यांच्या रस्त्यांचे वर्णन वाचताना त्या पलटणीचीही आठवण ठेवावी.

आणि मनावरच्या जखमा. तोफमाऱ्याखाली माणूस काहीही करू शकत नाही, फक्त बसून राहतो, आणि हे बसून राहणेच माणसाला मोडते, असे मी अनेक नोंदींवरून म्हणतो. हात थरथरणे, वाचा जाणे, झोप न येणे या लक्षणांना तेव्हा शेल शॉक म्हणत. अनेकदा त्याकडे भेकडपणा म्हणून पाहिले गेले. कॅनडाच्या २५ सैनिकांना लष्करी न्यायालयाच्या निकालाने गोळ्या घातल्या गेल्या, त्यांतल्या दोघांवर खुनाचा आरोप होता, उरलेल्या २३ जणांवर पळून जाण्याचा किंवा भेकडपणाचा. त्या २३ जणांविषयी सरकारने २००१ मध्ये संसदेत खेद व्यक्त केला.

मुलाच्या प्रकल्पासाठी एक पद्धत सुचवतो. कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने पहिल्या महायुद्धातल्या सहा लाखांहून अधिक सैनिकांच्या सेवापुस्तिका आणि पलटणींच्या नोंदवह्या संगणकावर मोफत खुल्या केल्या आहेत. आपल्या गावातल्या स्मारकावरचे एक नाव निवडा आणि त्याची सेवापुस्तिका उघडा. व्यवसाय, आईचे नाव, पगारातून घरी जाणारी रक्कम, रुग्णालयाच्या तारखा हे सगळे त्यात सापडते. मग त्या तारखांची त्याच्या पलटणीची नोंदवही शेजारी ठेवा, आणि उपलब्ध असल्यास त्याच काळातले पत्रही. पत्र अधिकाऱ्याच्या नजरेखालून जाई आणि सैनिकालाही आईला घाबरवायचे नसे, म्हणून पत्रात मी ठीक आहे, मोजे पाठव, एवढेच असते. नोंदवहीत त्याच रात्री किती जण गेले ते असते. युद्धानंतर तीस-चाळीस वर्षांनी सांगितलेल्या आठवणींत तिसरेच काही येते. या तिघांपैकी कोणतेही एक खोटे नसते, पण कोणत्याही एकावर थांबले तर तो सैनिक आपल्या हाती लागत नाही.

प्रवासाविषयी. विमीचे जुळे स्तंभ शिल्पकार वॉल्टर ऑलवर्ड यांनी उभारले आणि १९३६ मध्ये त्यांचे अनावरण झाले. तळाच्या भिंतींवर फ्रान्समध्ये पडलेल्या आणि ज्यांची ज्ञात कबर नाही अशा ११,२८५ जणांची नावे आहेत. स्मारकाइतकाच वेळ खालच्या खंदकांना द्या. तिथली पोती सिमेंटची आहेत, कारण खरी पोती केव्हाच कुजून गेली, पण खंदकांची वळणे आणि अंतरे त्याच जागी आहेत. काही ठिकाणी दोन्ही बाजूंच्या पुढच्या चौक्यांमध्ये अवघे २५ मीटरचे अंतर आहे. मुलाला ते चालून मोजायला सांगा. वर सांगितलेल्या भुयारांपैकी ग्रेंज भुयारात वाटाड्यासोबत उतरता येते. गाडीने पाऊण तासावर न्यूव्ह शापेल येथे हिंदी सैनिकांचे स्मारक आहे, तिथे ४,७०० हून अधिक नावे कोरलेली आहेत. ईप्रला मुक्काम करता आला तर संध्याकाळी आठला मेनिन गेट या बेपत्ता सैनिकांच्या स्मारक-कमानीखाली, रोजच्या बिगुलाच्या मानवंदनेला, उभे राहा. तिथे कॅनडाची सुमारे ७,००० नावे आहेत आणि त्याच भिंतींवर हिंदी सैनिकांचीही.

विमीला आखलेली वाट सोडू नका, ही सूचना मात्र कटाक्षाने पाळा. जमीन अजूनही विवरांनी खडबडीत आहे, त्यावर गवत आणि झाडे उगवली आहेत, आणि खाली न फुटलेले गोळे आहेत. त्यामुळे कुंपणाच्या आत गवत कापायला माणूस किंवा यंत्र पाठवत नाहीत. तिथे मेंढ्या चरतात.